ठोका कुणाचा?

दादा स्वतः आला, यावरूनच बारकीनं ताडलं की काम अडलेलं आहे आणि इतर सगळ्यांनी हात टेकलेले आहेत. एरवी अकरा वर्षं हा माणूस तिच्या दुकानाच्या रस्त्यानंसुद्धा जात नव्हता. नातेवाइकांच्या लग्नात दोघं समोरासमोर आले तर तो ताटात बघायचा आणि ती त्याच्या टकलाकडे बघायची. ते टक्कल दर वर्षी बोटभर पसरतंय, याचं तिला मनापासून समाधान वाटायचं.

"बारके, कामात आहेस का?"

"दिसतंय ना."

ती काहीही करत नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते आणि ती चहात बिस्कीट बुडवून बसली होती. दुकान म्हणजे शिंपी आणि सायकलवाला यांच्या मधली दीड शटरची पत्र्याची खोली. टेबलावर पेट्रोलचे दोन डबे, जुने दात घासायचे ब्रश, भिंग, मुठीएवढी ऐरण आणि जगातल्या सगळ्या बारीक स्क्रूंचं माहेर असावं अशी एक चपटी परात. जनरेटरचे, पाणी उपसायच्या पंपांचे, हौशी लोकांच्या जुन्या मोटारींचे कार्ब्युरेटर ती दुरुस्त करायची. घरात शेंडेफळ म्हणून बारकी, आणि काम बारकाईचं म्हणूनही बारकीच. धंद्यातली माणसं पाठीमागे तिला आणखी एका नावानं ओळखायची: स्क्रूढिली. ते नाव तिला मिळालं त्याचं कारण आत्ता जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून तिच्या दारात उभं होतं.

"बाबांच्या ट्रकचं आहे," दादा म्हणाला, आणि त्यानं टॉवेल उलगडला.

आत कार्ब्युरेटरचं वरचं झाकण होतं. आयुष्यभर ज्यांनी नुसती किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जुनं पेट्रोल इंजिन थंड असताना आळशी माणसासारखं असतं, त्याला उठवायला पेट्रोल जास्त आणि हवा कमी द्यावी लागते. म्हणून कार्ब्युरेटरच्या गळ्यात एक पितळी झडप असते, तो चोक. बहुतेक जुन्या गाड्यांत ती झडप ड्रायव्हर हातानं ओढायचा. बाबांच्या ट्रकला मात्र ऑटोमॅटिक चोक होता. झाकणाच्या कडेला एक काळी गोल डबी, डबीत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी. इंजिन गार असलं की गुंडाळी झडप मिटून धरते, तापलं की सैल होते आणि झडप उघडते. ती झडप एका दांडीवर दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. त्यातला एक स्क्रू सुटला, तर त्याला खाली पडायला एकच जागा आहे, ती म्हणजे इंजिनाचं पोट. तांदळाएवढा स्क्रू पिस्टनचा चुराडा करतो.

"चालू होते, दोनदा खोकते आणि बंद पडते," दादा सांगत होता. "डबी हलतेय. घट्ट केली, तरी तेच. चौघांना दाखवलं. आजकालच्या पोरांना लॅपटॉप लावल्याशिवाय काही दिसत नाही."

"आणि तुला?"

दादानं टॉवेलाची घडी घातली. "रविवारी पाहिजे, बारके. थंड इंजिन सगळ्यांसमोर चालू करायचंय."

हे तिला माहीत होतं. शिंप्याच्या भिंतीवर मेकॅनिक संघटनेचा कागद चिकटवलेला होता आणि गेले आठ दिवस रोज शटर उघडताना ती तो वाचत होती. संघटनेनं नव्या मुलांना शिकवायला मोठी शेड बांधली होती. शेडला बाबांचं नाव. बाबांचा ट्रक मधोमध उभा राहणार, त्यावर पोरं शिकणार. मुख्य शिक्षक म्हणून 'त्यांचे सुपुत्र व त्यांच्या कलेचे एकमेव वारसदार'. या 'एकमेव'वर बारकीचा डोळा रोज अडकायचा. तिला आमंत्रण नव्हतं.

"ठेव इथं. चार वाजता ये," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं चहा बाजूला सारला आणि झाकण उजेडात धरलं. डबीचं दुखणं तिला मिनिटभरात कळलं. तिचे तीन स्क्रू सैल होऊन डबी फिरली होती, आणि चार शहाण्यांनी ती खुणेवर न आणता होती तिथंच आवळली होती. त्यात झडपही दांडीवर डुगडुगत होती, त्यामुळे तिरकी होऊन गळ्यात अडकत होती. तिनं झाकण उलटं केलं आणि भिंग लावलं.

स्क्रूच्या शेपट्या गोल होत्या.

बाबांच्या दुकानात हे पाप होतं. झडप बरोबर मध्यावर आणायची, स्क्रू आवळायचे, आणि मग झाकण उलटं करून स्क्रूची डोकी ऐरणीवर टेकवून दांडीच्या बाहेर आलेल्या शेपट्या पंचानं, म्हणजे बोथट पोलादी कांडीवर हातोडी मारून, चेपायच्या. प्रत्येकीवर एकच ठोका. हलका पडला तर स्क्रू सुटतो, जोरात पडला तर दांडी वाकते. चेपलेला स्क्रू मग भूकंप झाला तरी पडत नाही. हा शेवटचा ठोका कुणी मारायचा, याचा बाबांचा नियम होता: गाडी ज्याच्या नावावर दुकानाबाहेर जाणार, त्यानंच. आणि गाडी बाहेर काढण्याआधी ते दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "शेवटचा ठोका कुणाचा?" ज्याचा असेल त्यानं "माझा" म्हणायचं. मगच बाबा दारातून बाजूला व्हायचे. पंचक्रोशीतल्या ड्रायव्हरांना हा प्रश्न पाठ होता. काही जण चहाचा शेवटचा घोट घेतानाही तो एकमेकांना विचारायचे.

अकरा वर्षांपूर्वी याच ट्रकची झडप तिनं मध्यावर आणली होती. काम दादाच्या नावावर होतं, पण झडप बसवावी तर बारकीनंच, हे दुकानात सगळे मानायचे. ती आवळणार एवढ्यात आई न्हाणीघरात घसरल्याचा फोन आला. तिनं हात पुसत दादाला सांगितलं, "आवळ आणि ठोका मार, तुझ्याच नावावर जातेय." आणि ती दवाखान्यात धावली. संध्याकाळी बाबांनी दारात प्रश्न विचारला तेव्हा दादा म्हणाला, "बारकीचा." बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. दादा म्हणाला, "ऐकते का ती कुणाचं? मीच मारणार म्हणाली."

हे खरं वाटण्यासारखंच होतं. ती होतीच तशी आगाऊ.

बाराव्या दिवशी बाबा स्वतः ट्रक घेऊन चढावर होते तेव्हा स्क्रू पडला. इंजिन फुटलं. भरलेला ट्रक पन्नास हात मागे घसरला आणि दगडाला टेकला म्हणून बाबा वाचले. बारकी धावत दुकानात आली आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मी ठोका मारलाच नव्हता!" सगळ्यांनी ते ऐकलं. पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नाही. बाबांनी नुसता हात पुढे केला. तिनं त्या हातावर दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या. त्यानंतर बाबा दोन वर्षं जगले आणि त्या दोन वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती भेटायला गेली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

आता तिच्या हातातले हे स्क्रू लोखंडी होते. इंजिन नव्यानं बांधल्यावर बाबांनी बसवले असते तर ते पितळी असते, आणि चेपलेले असते. म्हणजे बाबा गेल्यावर कुणीतरी हे उघडलं होतं आणि पुन्हा तसंच सोडलं होतं. बाबांचा ट्रक दादाशिवाय कुणी उघडत नव्हतं.

"मेल्या," बारकी त्या स्क्रूला म्हणाली. "दुसऱ्यांदा!"

पहिला विचार आला तो सरळ होता. डबी खुणेवर लावायची, झडप वरवर सरळ करायची आणि स्क्रू होता तसा शेवटच्या आट्यावर सोडायचा. रविवारी सगळ्यांसमोर किल्ली फिरली की खडखडाट. या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की तिनं उरलेला गार चहा आनंदानं पिऊन टाकला. पण मग पुढचं दिसलं. कार्ब्युरेटर शेवटचा कुणाकडे होता? बारकीकडे. मग सगळे म्हणणार, बघा, स्क्रूढिलीनं पुन्हा तेच केलं. आपल्याच हातानं आपल्याच कपाळावर ते नाव गोंदून घेण्याइतकी ती खुळी नव्हती. शिवाय त्या इंजिनाशी तिचं काही वाकडं नव्हतं.

तिला दादाच्या तोंडून हवं होतं. सगळ्यांसमोर. इंजिन फुटो न फुटो, तो फुटायला हवा होता.

ती कामाला लागली. आणि काम करताना तिनं रागाला त्यात बोट घालू दिलं नाही. झाकण पेट्रोलमध्ये धुतलं. गुंडाळी कोमट पाण्याच्या वाटीजवळ धरून पाहिली, ती शहाण्यासारखी सैल झाली, गार होताच आकसली. तिचं टोक झडपेच्या आकड्यात अडकवून डबी बसवली, डबीची रेघ झाकणावरच्या मधल्या खुणेवर आणली आणि तीन स्क्रू आळीपाळीनं आवळले. मग झडप दांडीवर सैल ठेवून मिटली, खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या कडेला उजेडाची कोर दिसत होती. नखानं ढकलली. कोर दोन्हीकडे सारखी झाली. मग तिनं परातीतून दोन नवे पितळी स्क्रू निवडले आणि ते असे आवळले की साधासुधा धक्का त्यांना सोडवू शकला नसता.

ऐरण समोर होती. पंच हाताशी होता. दोन ठोक्यांचं काम उरलं होतं. तिनं झाकण टॉवेलात गुंडाळलं.

चार वाजता दादा आला तेव्हा तिनं टॉवेल उघडून झाकण त्याच्या पुढ्यात उलटं ठेवलं. "डबी खुणेवर आहे. झडप मध्यावर आहे. स्क्रू नवे आहेत, आवळलेत. शेपट्या चेपायच्या राहिल्यात."

दादा तिच्याकडे बघायला लागला.

"गाडी तुझ्या नावावर जातेय," ती म्हणाली. "ठोका तुझा. बाबांचा नियम."

"हो हो. मारतो की."

"इथंच मारतोस? ऐरण आहे."

"घरी मारतो. घाई आहे गं, तुझी वहिनी वाट बघतेय." त्यानं टॉवेल गुंडाळताना दोन वेळा चुकीची घडी घातली. "उपकार झाले, बारके."

"विसरू नकोस."

"नाही विसरत."

तो गेला. जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेची बस चालवायचा, आणि रोज चाळीस पोरांचा गोंगाट ऐकत असल्यामुळे घरी त्याला कमी बोललेलं आवडायचं.

"आणि त्यानं खरंच ठोका मारला तर?" त्यानं विचारलं.

"तर मी हरले. घरी येईन आणि जन्मात पुन्हा हे नाव काढणार नाही. तोंडात मिठाची गुळणी."

"तू? गुळणी?" नवरा हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "आणि नसेल मारला तर काय मिळणार तुला?"

"माझं नाव."

"एवढंच?"

"एवढंच नाही," बारकी म्हणाली. "त्याचं तोंड बघायचंय मला. काळं झालेलं."

नवऱ्यानं आणखी भात वाढून घेतला. वाद घालून उपयोग नाही हे त्याला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं होतं.

रविवारी सकाळी शेड माणसांनी भरली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नव्या रंगाचा वास, माइकची शीळ. मधोमध बाबांचा ट्रक, गडद हिरवा, इतका पुसलेला की त्यात माणसांचे चेहरे दिसत होते. समोरच्या भिंतीवर नावाची पाटी होती, तिच्यावर पांढरं कापड आणि कापडाला लोंबणारी दोरी. बाजूच्या भिंतीवर लाल अक्षरांत बाबांचा प्रश्न रंगवलेला. बारकी मागच्या रांगेत बसली. दोन-चार माना वळल्या, एकानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पुढच्या रांगेतून लेथकाकांनी तिला पाहिलं. लेथकाका म्हणजे बाबांचे जुने जोडीदार, दुकानातल्या धातू कातायच्या लेथवर चाळीस वर्षं उभे राहिलेले. त्यांनी हात हलवला, पण हसले नाहीत.

संघटनेचे अध्यक्ष बसचे सांगाडे बांधायचे, आणि त्यांचं भाषणही सांगाड्यासारखंच लांब होतं. शेवटी ते ट्रकजवळ आले. दादा केबिनमध्ये चढून बसला होता. नवा शर्ट, घामानं काखेत ओला.

"चालू करण्याआधी," अध्यक्ष माइकमध्ये म्हणाले, "उस्तादांच्या परंपरेप्रमाणे मी विचारतो. शेवटचा ठोका कुणाचा?"

"माझा!" दादानं खिडकीतून हात वर केला. टाळ्या पडल्या.

बारकी उभी राहिली. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"मग दाखव," ती म्हणाली.

माइक नसताना तिचा आवाज शेवटपर्यंत पोचला. बाबांच्या दुकानात लेथच्या आवाजाच्या वरताण ओरडायची सवय होती तिला. "झाकण उघडा आणि शेपट्या दाखवा सगळ्यांना. मुख्य शिक्षक आहेत ना? पोरांना पहिला धडा मिळेल."

"ताई, कार्यक्रम चालू आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पाच स्क्रूंचं झाकण आहे. पाच मिनिटं लागतात. लेथकाका, तुम्ही उघडा. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

लेथकाका जागचे उठले नाहीत. "बारके, आज नको गं," ते म्हणाले. "मी पाया पडतो तुझ्या. आज नको."

"मग कधी? मी मेल्यावर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "उघडा की काका, काय बिघडतं." दुसरा म्हणाला, "ठोका मारलाय म्हणतोय ना तो, मग भ्यायचं कशाला?" मेकॅनिकांच्या जमावाला उघडायला काही मिळालं की कोण थांबवणार? काकांनी बॉनेट उचललं, हवेची गाळणी काढली, सावकाश, फार सावकाश पाच स्क्रू काढले. दादा केबिनमध्ये स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. काकांनी झाकण उलटं केलं आणि शेपट्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी झाकण शेजारच्याच्या हातात दिलं.

त्यानं अंगठा फिरवला आणि पुढे दिलं. असं ते झाकण हातोहात फिरलं. ऐंशी माणसं होती आणि चेपलेली शेपटी कशी लागते हे त्यातल्या प्रत्येक अंगठ्याला माहीत होतं. शेवटच्या माणसानं ते बारकीच्या हातात दिलं आणि तिच्या नजरेला नजर न देता बाजूला झाला. तो गॅस वेल्डर होता. स्क्रूढिली हे नाव त्यानंच ठेवलं होतं.

बारकीला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला. अकरा वर्षांनी तिचा श्वास कुठेही न अडकता पोटापर्यंत गेला.

"उतर खाली," ती दादाला म्हणाली.

दादा उतरला आणि ट्रकच्या पायदानावर बसला.

"आता सांग. त्या दिवशी कुणाचा होता ठोका?"

"माझा," दादा म्हणाला. माइक अध्यक्षांच्या हातात चालूच होता, त्यातून ते सगळ्यांना ऐकू गेलं. "माझा होता. मी मारला नाही."

"का?"

"येत नाही मला." त्यानं आपले दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले, लोकांनी ते बघावेत अशासारखे. "बारा वर्षांचा होतो. ठोका जोरात पडला, दांडी मोडली. बाबांनी सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. तेव्हापासून पंच धरला की हात थरथरतो. आजवर मी एकही मारलेला नाही. दुसऱ्या कुणाकडून तरी मारून घेतो, नाहीतर सोडून देतो."

कुणीतरी हसलं. हसणाऱ्याला कुणी साथ दिली नाही.

बारकीला त्याची दया यायला हवी होती कदाचित. आली नाही. अकरा वर्षं पाठ केलेलं वाक्य तिच्या ओठांवर होतं आणि ते आता कशासाठीच मागे फिरणार नव्हतं.

"तुझा हात थरथरतो म्हणून माझा बाप माझ्याशी न बोलता मेला," ती म्हणाली. "दोन वर्षं. भिंतीकडे तोंड करून. तुझ्या एका शब्दानं ते वळले असते माझ्याकडे. तू तिथंच, त्यांच्या उशाशी बसलेला असायचास, आणि तो शब्द तू काढला नाहीस. जा, शिकव आता पोरांना हे."

दादानं मान वर केली. इतका वेळ त्याचा चेहरा मार खाणाऱ्या माणसाचा होता. आता त्याच्यावर वेगळंच काहीतरी आलं, आणि ते तिला आवडलं नाही.

"बाबांना माहीत होतं," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"त्याच संध्याकाळपासून माहीत होतं. तू किल्ल्या देऊन गेलीस. मग त्यांनी मला आत नेलं, दार लावलं. हातात पंच दिला, हातोडी दिली. म्हणाले, मार. मला उचलताच येईना. ते बघत बसले. मी म्हटलं, बाबा, मी सगळ्यांना जाऊन सांगतो. तर म्हणाले, काही बोलायचं नाही. पोरगी हुशार आहे, ती कुठंही पोट भरेल. तुला या दुकानाशिवाय कोण उभं करणार?" त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "ते रागावलेले नव्हते गं तुझ्यावर. तुझ्याकडे बघायची लाज वाटायची त्यांना. म्हणून भिंतीकडे तोंड करायचे."

बारकीनं लेथकाकांकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, ते म्हणतील, मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवतोयस. काका खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"काका?"

"दार लावलं होतं," काका म्हणाले, "पण मी आतच होतो. लेथपाशी." आणि त्यांनी मान खाली घातली.

म्हणजे आजच्या सकाळचं 'आज नको' हे दादासाठी नव्हतं. ते तिच्यासाठी होतं. तिच्या हातातलं झाकण अचानक जड लागायला लागलं. ज्या बापाच्या नजरेत पुन्हा चांगलं व्हायला तिनं हे सगळं मांडलं होतं, त्याच्या नजरेतून ती कधी उतरलीच नव्हती. त्यानं तिला ओळखून, तोलून, हिला सोसेल असं ठरवून बाहेर काढलं होतं. हुशार आहे म्हणून! दादाचं तोंड काळं झालेलं तिला बघायचं होतं, ते समोर होतं, आणि तिला ते आता बघवतही नव्हतं आणि पुरतही नव्हतं. राग होता तसाच होता, फक्त तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस नऊ वर्षांपूर्वी निघून गेला होता.

तिनं झाकण ट्रकच्या मडगार्डवर ठेवलं.

"मार की आता तूच," मागून वेल्डर हळूच म्हणाला. "दोन ठोके. गाडी चालू होईल."

"मी नाही मारणार," बारकी म्हणाली.

शेडमध्ये कुणाला काय करावं ते कळेना. अध्यक्षांनी घसा साफ केला, हातातला कार्यक्रमाचा कागद पाहिला. अशा वेळी कागद माणसाला आधार देतो. पुढचा क्रमांक पाटीचा होता. ते भिंतीजवळ गेले, कापडाची दोरी हातात घेतली आणि बारकीच्या दिशेनं धरली.

"ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला होता, "झालं ते झालं. आता लेक म्हणून तुम्हीच या. तुमच्या हातानं होऊ द्या. उस्तादांच्या नावावरचा पडदा तुम्हीच काढा."

बारकी दोरीपर्यंत गेली. कापड पातळ होतं. आतून अक्षरांचे उंचवटे दिसत होते, पितळेची अक्षरं, चांगली ओतलेली. बाबांचं नाव तिला न वाचताही वाचता आलं. लहानपणी पाटीवर पहिल्यांदा लिहायला शिकली होती ते आईचं नाव नव्हतं, स्वतःचं नव्हतं, हे होतं. सगळी शेड तिच्या हाताकडे बघत होती. लेथकाका रडत होते. दादा पायदानावरून उठून उभा राहिला होता.

तिनं अध्यक्षांच्या हातातून दोरी घेतली, ती नीट गुंडाळली आणि वरच्या खिळ्याला अडकवून टाकली, कुणाच्या हाताला सहज लागणार नाही अशी.

"राहू दे झाकलेलंच," ती म्हणाली. "त्यांना भिंतीकडे तोंड करायची सवय आहे."

मग ती खुर्च्यांच्या मधून वाट काढत बाहेर गेली, आणि तिला वाट देण्यासाठी माणसांनी पाय आत ओढून घेतले.